घरातील प्रदर्शन आणि काहीही न घेणारी पाहुणी

ऑक्टोबर उजाडला आणि दोह्यातील उकाडा ओसरू लागला, की मराठी घरांतील बैठकीच्या खोल्यांत प्रदर्शने मांडली जाऊ लागतात. सोफा भिंतीकडे सरकवून सतरंजीवर पैठण्या, इरकली आणि नारायणपेठी साड्या उलगडल्या जातात. कुठे मोत्यांचे दागिने, कुठे तयार कुर्ते, दिवाळी जवळ आली की भाजणी आणि अनारशांचे पीठ, तर कुठे हवाबंद डबे आणि सौंदर्यप्रसाधने. निमंत्रण व्हॉट्सॲपवर येते, वेळ बहुधा गुरुवारी संध्याकाळची किंवा शुक्रवारी दुपारनंतरची असते, कारण कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. चहा होतो, बटाटेवडे होतात, साड्यांवरून हात फिरतात. आठ-दहा जणींपैकी तिघी-चौघी काही घेतात. उरलेल्या काही न घेता परततात.

या उरलेल्या पाहुण्यांशी कसे वागावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या समाजात एकमेकींच्या मुलांना शाळेतून आणण्यापासून रात्री-अपरात्री रुग्णालयात सोबत करण्यापर्यंत सारी भिस्त ओळखीच्या दहा-पंधरा घरांवर असते, तेथे एका संध्याकाळची विक्री आणि वर्षानुवर्षांची मैत्री यांची गल्लत महागात पडू शकते. या विक्रीपद्धतीचे स्वरूप, तिचा इतिहास, न घेणाऱ्या पाहुण्यांची कारणे आणि यजमानीण, विक्रेती व पाहुणी या तिघींनी पाळावयाची पथ्ये यांचा हा आढावा.

पद्धतीचे स्वरूप

घरगुती विक्रीचे दोन प्रकार आढळतात. पहिल्यात यजमानीण हीच विक्रेती असते. ती सुट्टीत मुंबई, पुणे किंवा येवल्याहून माल आणते आणि आपल्याच घरी मांडते. दुसऱ्यात भूमिका दोन असतात. कंपनीची किंवा एखाद्या व्यवसायाची प्रतिनिधी माल घेऊन येते, वस्तूंचे प्रात्यक्षिक दाखवते. घर, चहापाणी आणि मैत्रिणी यजमानिणीच्या असतात. मोबदला म्हणून यजमानिणीला भेटवस्तू किंवा खरेदीत सवलत मिळते आणि तिचे मोल बहुधा त्या दिवशीच्या एकूण विक्रीवर ठरते. इंग्रजीत या पद्धतीला ‘पार्टी प्लॅन’ म्हणतात.

दुसऱ्या प्रकारातील ही मेख ध्यानात घेण्याजोगी आहे. पाहुणी विकत घेते ते विक्रेतीकडून, पण तिच्या मनावर ओझे असते ते मैत्रिणीचे. आपण काही घेतले नाही तर हिची भेटवस्तू हुकेल, हे तिला ठाऊक असते. विक्रेतीला नकार देणे सोपे असते. जिने आपल्या बाळंतपणात पंधरा दिवस डबा पुरवला तिला नकार देणे अवघड.

उगम आणि वाटचाल

या पद्धतीची सुरुवात अमेरिकेत झाली. फ्रँक स्टॅनले बेव्हरिज यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या ‘स्टॅनले होम प्रॉडक्ट्स’ या कंपनीचे विक्रेते दारोदार फिरण्याऐवजी एखाद्या गृहिणीच्या घरी तिच्या मैत्रिणींना जमवून ब्रश आणि सफाईच्या वस्तू विकू लागले. त्याच कंपनीचा माल विकण्याचा अनुभव असलेल्या ब्राउनी वाइज यांनी पुढे अर्ल टपर यांच्या प्लास्टिकच्या डब्यांसाठी हाच मार्ग अवलंबिला. दुकानाच्या फळीवर ते डबे पडून राहत, कारण झाकण बसवण्याची युक्ती कोणी दाखवल्याशिवाय उमगत नसे. घरातील बैठकीत ती दाखवता येई. १९५१ मध्ये टपरवेअरने दुकानांतील विक्री थांबवून सारी मदार घरगुती मेळाव्यांवर ठेवली. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकणाऱ्या वाइज या पहिल्या स्त्री ठरल्या, १९५८ मध्ये त्यांना कंपनीतून दूर करण्यात आले.

भारतात टपरवेअर १९९६ मध्ये आले. आर्थिक उदारीकरणानंतरच्या त्याच काळात थेट विक्री करणाऱ्या इतरही कंपन्या आल्या आणि शहरी मध्यमवर्गातील भिशीच्या बैठकींत डबे आणि लिपस्टिक दिसू लागले. भिशीसाठी बायका जमतच होत्या, हातात पैसेही असत. विक्रेतीला आयती बैठक मिळाली. मूळ टपरवेअर कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला, पण तिने जगभर रुजवलेली पद्धत आज साडी, दागिने आणि फराळ यांच्या विक्रीत टिकून आहे.

मराठी समाजाला घरात येणारा व्यापार नवा नव्हता. कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन माजघरापर्यंत येत असे, बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देत असे. मात्र त्या व्यवहारात विकणारी बाहेरची होती आणि घेणारी आपल्या घरात होती. घासाघीस मोकळेपणी होई, ‘आज नको, पुढच्या वेळी ये’ असे सांगून दार लोटता येई. आताच्या पद्धतीत घेणारी दुसऱ्याच्या घरात पाहुणी असते. दार तिचे नसते. नकाराची सारी सोय त्या एका बदलाने नाहीशी झाली आहे.

भीड ही या व्यापाराची खरी पुंजी

या विषयावर अभ्यासही झाला आहे. जोनाथन फ्रेंझन आणि हॅरी डेव्हिस यांनी १९९० मध्ये ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले, की घरगुती मेळाव्यात कोणी काही विकत घेईल की नाही यावर तिच्या आणि यजमानिणीच्या नात्याच्या घट्टपणाचा ठळक परिणाम होतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनीही १९८४ च्या आपल्या ‘इन्फ्लुअन्स’ या ग्रंथात, माणूस आवडत्या व्यक्तीला नकार देऊ शकत नाही याचे उदाहरण म्हणून टपरवेअरच्या मेळाव्यांचा दाखला दिला आहे.

जे इंग्रजीत सिद्ध करावे लागले, ते मराठीत ‘भीड’ या एका शब्दात आधीच सामावलेले आहे. भीड म्हणजे भीती नव्हे आणि आदरही नव्हे; समोरच्याचे मन मोडू नये म्हणून स्वतःच्या मनाला घातलेली मुरड म्हणजे भीड. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण तिची किंमतही सांगते. भिडेखातर घेतलेली साडी कपाटात पडून राहते. तिच्याबरोबर थोडी अढीही राहते, आणि पुढच्या निमंत्रणाला ‘नेमके त्याच दिवशी पाहुणे येणार आहेत’ असे उत्तर जाते. विक्रेतीला त्या दिवशी दीडशे रियाल मिळालेले असतात, पण एक गिऱ्हाईक आणि कदाचित एक मैत्रीण दुरावलेली असते.

हळदीकुंकू आणि विक्री

परदेशातील मराठी घरांत विशेष घोटाळा होतो तो येथे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे आणि चैत्रातील हळदीकुंकू हे मराठी स्त्रियांचे एकत्र येण्याचे जुने निमित्त. त्यात वाण लुटले जाते. येणारी काही घेऊन जाते, देत काही नाही. प्रदर्शनात दिशा नेमकी उलटी असते. आठ-दहा जणी आयत्या जमणार आहेत म्हणून हळदीकुंकवाच्या दिवशीच आतल्या खोलीत साड्या मांडण्याचा मोह होतो. यजमानिणीला त्यात सोय दिसते. पाहुणीला मात्र कळेनासे होते, की आपण सवाष्ण म्हणून आलो आहोत की गिऱ्हाईक म्हणून. हातात वाण पडले असताना साडीला नको म्हणणे तिला कृतघ्नपणाचे वाटते.

म्हणून पहिले पथ्य हे, की धार्मिक अथवा घरगुती समारंभ आणि विक्री एका दिवशी ठेवू नयेत. बारसे, डोहाळजेवण, वाढदिवस, गणपतीचे दर्शन यांनाही हेच लागू. समारंभाच्या निमंत्रणाला ‘येत नाही’ म्हणणे जड जाते, आणि नेमक्या याच कारणाने तेथे विक्री करणे अनुचित ठरते.

पाहुणी का घेत नाही?

न घेणाऱ्या पाहुण्या एकाच साच्यातल्या नसतात. त्यांची कारणे वेगळी असतात, आणि कारण ओळखले तर वागणेही बदलते.

*सोबतीसाठी आलेली.* कतारमध्ये अनेक स्त्रिया पतीच्या नोकरीमुळे आलेल्या असतात. स्वतःची नोकरी देशात सोडलेली, दिवसभर घरात एकटेपण, गाडी चालवण्याचा परवाना नाही. अशा स्त्रीला प्रदर्शनाचे निमंत्रण म्हणजे चार माणसांत बसून मराठी बोलण्याची संधी असते. ती करवा टॅक्सीचे पैसे खर्चून येते ते गप्पांसाठी. तिला गिऱ्हाईक समजणे ही समजुतीची चूक होय.

*गरज नसलेली.* तिच्याकडे पुरेशा साड्या आहेत, किंवा दोन महिन्यांनी ती देशात जाणारच आहे आणि तेथील भाव तिला माहीत आहे. ती पुढे घेईलच असे नाही, पण तिची नणंद किंवा शेजारीण घेऊ शकेल.

*विचार करणारी.* तिला वस्तू आवडलेली असते, पण मोठा खर्च घरी बोलून करण्याची तिची रीत असते. हिला घाई केली तर ती नाही म्हणते. दोन दिवस दिले तर तिचाच निरोप येतो.

*स्वतः विकणारी.* लहान समाजात साड्या विकणाऱ्या दोघी-तिघी असतातच. अशी पाहुणी भाव पाहण्यासाठी आली असली, तरी तिच्यावर संशय घेण्यापेक्षा तिच्याशी मालाची वाटणी करून घेणे हिताचे. एकीने पैठण्या ठेवाव्यात, दुसरीने सुती.

*हात आखडलेली.* हे कारण सर्वांत नाजूक, कारण ते कधीच सांगितले जात नाही. कतारमध्ये परदेशी कुटुंबाचे राहणे बहुधा पतीच्या नोकरीशी बांधलेले असते. नोकरी गेली की पगाराबरोबर निवासाचा परवानाही धोक्यात येतो. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा आणि २०२० च्या साथीत आखाती देशांतील अनेक भारतीय कुटुंबांनी हे अनुभवले. अशी बातमी पहिले काही आठवडे कोणालाही कळवली जात नाही. मुलांची शाळा चालू असते, घरी पाठवायचे पैसे पाठवले जात असतात, निमंत्रणांना हजेरीही लावली जाते. फरक इतकाच पडतो, की एरवी दोन साड्या घेणारी या वेळी काही घेत नाही. ‘या वेळी काय झालं, काहीच नाही?’ हा थट्टेत विचारलेला प्रश्न तिला कोणत्या ठिकाणी लागतो, ते विचारणारीला कधीच समजत नाही. पुढच्या बैठकीला ती येत नाही. ज्या दिवसांत तिला माणसांची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत ती माणसांपासून तुटते.

कोणती पाहुणी या पाचांपैकी कोणत्या गटात आहे, हे यजमानिणीला बाहेरून ओळखता येत नाही. त्यामुळे व्यवहारात एकच नियम सुरक्षित ठरतो: न घेण्याचे कारण कोणालाही विचारू नये, थट्टेतही नाही.

आधीचा हिशेब

पाहुणीवर दडपण येते त्याचे मूळ बहुधा विक्रेतीच्या चुकलेल्या अंदाजात असते. एक काल्पनिक उदाहरण पाहू. समजा, बारा जणींना बोलावले, नऊ आल्या. प्रत्येकी सरासरी दीडशे रियालची खरेदी होईल असे धरले आणि विक्रीवर तीस टक्के सुटतात असे मानले. नऊही जणींनी खरेदी केली तर विक्री १,३५० रियाल आणि सुटणारी रक्कम ४०५ रियाल. चहा-फराळाचा खर्च ११० रियाल वजा जाता २९५ रियाल हाती उरतात. प्रत्यक्षात चौघींनीच घेतले तर विक्री ६०० रियाल, सुटलेले १८० आणि खर्च जाता उरतात ७० रियाल.

या २९५ आणि ७० मधील २२५ रियालची तूट उरलेल्या पाच जणींकडून भरून काढावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. ‘निदान एक पर्स तरी घ्या’ या आग्रहाचा उगम या तुटीत असतो. मूळ हिशेब चौघींवरच मांडला असता, तर पाचवीने केलेली खरेदी हा आनंदाचा भाग झाला असता आणि उरलेल्या केवळ पाहुण्या राहिल्या असत्या. त्यासाठी माल थोडा आणावा, फराळ साधा ठेवावा आणि उधार घेतलेल्या पैशांवर माल भरू नये. विक्रेतीवर देणेकऱ्याचे दडपण असले, की ते तिच्या नकळत पाहुणीपर्यंत पोहोचतेच.

न घेणाऱ्या पाहुणीचे मोलही या हिशेबात धरायला हवे. घरगुती विक्रीत पुढची बैठक आजच्या पाहुण्यांतूनच ठरते. काही न घेता पण मान राखला गेल्याच्या समाधानाने परतलेली स्त्री अल खोर किंवा मेसाईदच्या मैत्रिणीला सांगते, पुढची बैठक आपल्या घरी ठेवते, लग्नसराईत आठ साड्या एकदम लागल्या की दूरध्वनी करते. अपमान वाटून परतलेली स्त्रीही सांगते; फक्त निराळे.

यजमानिणीसाठी

निमंत्रणात विक्रीचा उल्लेख पहिल्या ओळीत असावा. ‘सहज चहाला या’ असे बोलावून साड्या दाखवणे म्हणजे पाहुणीचा विश्वास खर्ची घालणे होय. संदेश साधा असावा: ‘शुक्रवारी चार ते सात साड्यांचं प्रदर्शन आहे. पाहायला नक्की या, घ्यायलाच हवं असं काही नाही.’ किमतींचा साधारण पल्लाही द्यावा. दोनशे ते बाराशे रियाल असे लिहिले, की ज्यांना यायचे नाही त्यांना न येण्याची आणि येणाऱ्यांना मनाची तयारी करण्याची मुभा मिळते.

सर्वांना एकाच वेळी बोलावण्यापेक्षा तीन तासांची मोकळी वेळ द्यावी. वर्तुळ करून बसलेल्या बैठकीत कोणी घेतले आणि कोणी नाही हे सर्वांना दिसते. येत्या-जात्या गर्दीत ते कोणाच्याच ध्यानात येत नाही. चहा-फराळ मालाच्या खोलीत न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवावा, म्हणजे साड्यांकडे न पाहताही बसता येते. प्रतिनिधीमार्फत होणाऱ्या विक्रीत ‘एवढी विक्री झाली की मला मिक्सर मिळेल’ असे मैत्रिणींना सांगू नये. ते प्रामाणिकपणाचे वाटले तरी ऐकणारीच्या खांद्यावर ओझे टाकते.

निघताना प्रत्येकीला हळदीकुंकू लावण्याची रीत असेल, तर ती घेणारीला आणि न घेणारीला सारखीच लावावी. दाराशी निरोपाचा शब्दही सारखाच असावा.

विक्रेतीसाठी

प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असावी. किंमत विचारावी लागली, की पाहुणी अर्धी बांधली जाते. परवडत नाही हे तिला चारचौघींत चेहऱ्यावर दाखवावे लागते. पहिल्या आलेल्या स्त्रीच्या मागे ‘भवानी तुमच्या हातची होऊ दे’ म्हणून लागू नये. बाजारात ही रीत चालते, कारण तेथे गिऱ्हाईक दुकान सोडून पुढे जाऊ शकते.

मागणी नोंदवायची असेल तर प्रत्येकीला स्वतंत्र कागद द्यावा. एकच वही हातोहात फिरली, की वरच्या नावांपुढील आकडे वाचले जातात आणि कोरी जागा सोडणे कठीण होते. उधारी शक्यतो टाळावी. ‘पैसे नंतर दिले तरी चालतील’ या सवलतीमुळे नाही म्हणण्याचे उरलेसुरले निमित्तही हिरावले जाते, आणि वसुलीच्या वेळी मैत्रीचा कस लागतो. शिल्लक मालाची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी एकदाच पाठवावीत. विचार करणारीला तेवढे पुरते. न घेतलेल्यांना वेगळे निरोप पाठवू नयेत.

खरेदी केलेल्यांची छायाचित्रे गटात टाकून त्यांचे आभार मानण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. ज्यांचे छायाचित्र त्यात नाही, त्यांची ती नकळत यादीच होते. शिवाय कतारमध्ये संमतीवाचून दुसऱ्याचे छायाचित्र काढणे किंवा पसरवणे हा गुन्हा ठरू शकतो, हेही विसरू नये.

पाहुणीसाठी

नकार लवकर, थोडक्यात आणि कारणाशिवाय द्यावा. कारण दिले की त्यावर तोडगा सुचवला जातो. रंग आवडला नाही म्हटले तर दुसरा रंग पुढे येतो, पैसे आणले नाहीत म्हटले तर उधारी पुढे येते. ‘वहिनी, साड्या फार सुंदर आहेत. आज काही घेणार नाही, पण बघायला छान वाटलं’ एवढे पुरे. वयाने मोठ्या यजमानिणीला ‘काकू, आज फक्त तुम्हाला भेटायला आले’ असे सांगितले, तर बहुतेक काकू पुढे काही बोलत नाहीत.

न घ्यायचे ठरवूनच जायचे असेल, तर ते आधी कळवणे उत्तम. येण्याची अडचण असेल तर न जाण्यातही काही गैर नाही. मात्र न घेणाऱ्या पाहुणीनेही काही मर्यादा पाळाव्यात. वीस साड्या उलगडायला लावणे, ‘दादरला हीच अर्ध्या किमतीत मिळते’ असे चारचौघींत बोलणे, किंवा वस्तू बाजूला ठेवायला सांगून नंतर निरोपच न देणे, हे विकणारीच्या कष्टांचा अनादर करणारे आहे. माल निवडणे, विमानातून आणणे आणि सांभाळणे यांत तिची मेहनत असते आणि अनेकदा परदेशात तिने स्वतः मिळवलेली ती पहिलीच कमाई असते.

कायद्याची बाजू

कतारमध्ये व्यापारासाठी परवाना आवश्यक आहे. घरातून चालवल्या जाणाऱ्या व्यवसायांसाठी वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने परवान्याची स्वतंत्र व्यवस्था केली आहे. मात्र तो कोणाला आणि कोणत्या व्यवसायासाठी मिळतो याच्या अटी ठरलेल्या असून त्या वेळोवेळी बदलतात. कुटुंबाच्या निवास परवान्यावर राहणाऱ्या व्यक्तीला उत्पन्नाचे काम करण्यासाठी वेगळी परवानगी लागते. त्यामुळे प्रदर्शन मांडण्यापूर्वी मंत्रालयाकडे चौकशी करणे अगत्याचे आहे. विक्रीसाठी आणलेला माल वैयक्तिक सामान ठरत नाही. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांत २००३ पासून बहुतेक आयात मालावर पाच टक्के समान सीमाशुल्क आहे. धर्मादाय कामासाठी निधी जमवण्याच्या हेतूने विक्री करायची असेल, तर त्यालाही स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते.

खरेदीदाराच्या बाजूने कतारचा २००८ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सदोष वस्तू बदलून देण्याची किंवा तिचे पैसे परत करण्याची जबाबदारी त्यात पुरवठादारावर टाकली आहे. भारतात २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार विक्रेत्याने पूर्वसूचनेशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, तसेच बोलणे सुरू करतानाच स्वतःची ओळख, वस्तूचे स्वरूप आणि भेटीचा हेतू खरेपणाने सांगावा, असे बंधन आहे. युरोपीय संघात दुकानाबाहेर झालेल्या बहुतेक खरेदीतून चौदा दिवसांत माघार घेता येते. अमेरिकेत घरी येऊन केलेल्या विक्रीतील ठरावीक व्यवहार तीन दिवसांत रद्द करता येतात. दुकानाबाहेर ग्राहक भिडेला किंवा घाईला बळी पडतो, हे या कायद्यांनी मान्य केले आहे. दोह्यातील एखाद्या घरगुती विक्रेतीने ‘तीन दिवसांत न वापरता परत आणल्यास पूर्ण पैसे’ अशी चिठ्ठी स्वतःहून लावली, तर भिडेखातर घेणारीला परतीची वाट मिळते आणि विकणारीचा नावलौकिकही वाढतो.

बैठक संपल्यानंतर

दोह्यातील मराठी कुटुंबांची वस्ती स्थिर नसते. कंत्राट संपते, बदली होते, मुले बारावीनंतर देशात शिकायला जातात आणि कुटुंब परतते. जाताना सामान विकले जाते, मैत्रिणी आवराआवरीला येतात, विमानतळावर सोडायला गाड्या निघतात. त्या वेळी कोणी कोणाकडून किती साड्या घेतल्या होत्या याचा हिशेब कोणाजवळ नसतो. कोणाच्या घरी मोकळेपणाने बसता येत होते, ते मात्र सर्वांच्या लक्षात राहिलेले असते.

प्रदर्शन आटोपल्यावर यजमानिणीने गल्ला मोजावा, शिल्लक साड्यांच्या घड्या घालाव्यात आणि मग एकदा आलेल्यांची नावे आठवावीत. एरवी हमखास घेणारी कोणी या वेळी गप्प बसून परतली असेल, तर चार-आठ दिवस जाऊ द्यावेत आणि साड्यांचा विषयही न काढता तिला चहाला बोलवावे.